जानकी धुरी हरली होती

जानकी धुरी हरली होती. एकेचाळीस मतांनी हरली होती. हे मी आधीच सांगून टाकते, कारण अंधेरीतल्या एका नव्या बारमध्ये चकचकीत कार्डावर छापलंय की ती जिंकली, आणि लोकं ते वाचून माना डोलावतात आणि दुसरा ग्लास मागवतात.

हल्ली बार काढायचा तर नुसती दारू पुरत नाही. त्याला म्हणे कन्सेप्ट लागतो. माझी भाची अपूर्वा असल्या ठिकाणांच्या जाहिराती करणाऱ्या कंपनीत आहे, तिच्याकडून मला हे सगळं ज्ञान मिळतं. गोरेगावात एक निघालाय, तो रेशनच्या दुकानासारखा. रांगेत उभं राहायचं, कार्ड दाखवायचं, मग रॉकेलच्या मापातून कसलंसं हिरवं पाणी ओतून देतात. मुलुंडला एक आहे, तो दवाखाना. नर्सचे कपडे घातलेल्या पोरी सलाइनच्या नळीतून ग्लासात दारू सोडतात. मी एकोणतीस वर्षं महापालिकेच्या दवाखान्यात आया होते. सलाइन लावलेली माणसं मी आयुष्यभर बघितली, त्यातली कितीतरी दारूनेच तिथे येऊन पडलेली. त्यांच्या चादरी मी बदलल्यात. पण चादरी कन्सेप्टमध्ये बसत नसाव्यात.

अपूर्वा म्हणते, मावशी, तू फार निगेटिव्ह आहेस. आहे मी. माझं नाव रत्नप्रभा ठेवलंय म्हणून मी सगळीकडे प्रकाश पाडत फिरायला पाहिजे असं काही नाही.

जानकी माझी शेजारीण. नाहूरला आमची चाळ होती तेव्हा भिंतीला भिंत होती. आता त्याच जागेवरच्या इमारतीत ती सहाव्या मजल्यावर आणि मी सातव्या. दोघी मालवणकडच्या, दोघी लग्न होऊन इथे आलेल्या. मी तोंडाळ, ती मुकी. ती औषधं पॅक करायच्या कंपनीत जायची आणि घरी येऊन शिलाई मारायची. तिचा नवरा चंद्रप्रकाश भांडुपच्या एका कारखान्यात टर्नर होता. कारखाना बंद पडला आणि तो माणूस चाळीच्या तोंडावर जे देशी दारूचं दुकान होतं तिथे जाऊन बसायला लागला. भांडखोर नव्हता. हात उचलायचा नाही, शिवी द्यायचा नाही. संध्याकाळी मुलाचा अभ्यास घ्यायचा आणि अभ्यास संपला की चपला घालायचा. जानकीच्या घरातून काय काय नाहीसं होत चाललंय ते आम्ही शेजारी बघत होतो, पण बोलत नव्हतो.

मग दोन हजार दहाच्या सुमाराला तिला कोणीतरी सांगितलं की वॉर्डातल्या बायका मतदान घेऊन दुकान बंद करू शकतात. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. उभीवर शिक्का मारला तर दुकान राहतं, आडवीवर मारला तर जातं. त्या मतदानासाठी आधी वॉर्डातल्या पाव हिस्सा बायकांच्या सह्या लागायच्या. ही मुकी बाई त्या सह्यांच्या मागे लागली. कंपनीतून सुटली की मतदारयादी काखेत मारून दारोदार. सही यादीतल्या नावाशी जुळली नाही तर बाद, आणि यादीत निम्म्या बायका माहेरच्या नावाने. कमल म्हणून एक होती, तिच्या नावापुढे तर तिच्या सासूचा फोटो. जानकी प्रत्येकीला समोर बसवून सांगायची, यादीत जसं लिहिलंय तसंच लिही, वेलांटीसुद्धा बदलू नकोस. अंगठेवालींसाठी शाईचा पॅड घेऊन फिरायची. दुकानदाराच्या माणसांनी तिला नाक्यावर अडवून नको ते ऐकवलं. ती ऐकून घ्यायची आणि पुढच्या दाराची कडी वाजवायची. पाच महिने हे चाललं. अर्ज मंजूर झाला, मतदानाची तारीख लागली.

आता आम्ही खाल्लेलं शेण. तेव्हाचा नियम असा होता की आलेल्या बायकांची बेरीज बघत नव्हते, यादीत जेवढ्या बायका आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त शिक्के आडवीवर पडले पाहिजेत. म्हणजे जी बाई घरी राहिली ती उभ्या बाटलीच्या बाजूची. जानकीने हे आम्हाला शंभर वेळा समजावलं होतं. आणि मतदानाची तारीख लागल्यावर दोन आठवड्यांनी गावाहून फोन आला की आंगणेवाडीची जत्रा ठरली. ही जत्रा कॅलेंडर बघून ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते. कौल निघाला तो शनिवारचा. मतदान रविवारी.

अठ्ठावन्न बायका गेलो आम्ही. दोन बस भरून. जानकी बसच्या दारात उभी राहून म्हणाली, "गो, औंदा जाव नको. देवीक मी हयसून हात जोडतंय, सगळ्यांच्या वतीन." मी तिला म्हटलं, देवीने स्वतः तारीख काढलीय आणि आपण नाही म्हणायचं? शनिवारी ओटी भरतो आणि रात्रीच निघतो, सकाळी शिक्का मारायला हजर. माझा मुलाच्या नोकरीसाठी नवस होता. सगळ्यांचाच काही ना काही होता. दर्शनाची रांग नऊ तास चालली, ओटी भरून निघेपर्यंत रविवारची सकाळ झाली. रविवारी संध्याकाळी पाचला मतदान संपलं तेव्हा आमची बस महाडलाही पोचली नव्हती.

एकेचाळीस मतं कमी पडली. ज्या अठ्ठावन्न जणी बसमध्ये होत्या, त्यातली एक मी. दुकान चालूच राहिलं. दिवाळीच्या आधी चंद्रप्रकाश गेला.

जानकी मला त्यावरून एक अक्षर बोलली नाही. कधीच नाही. भांडली असती तर मी चार शब्द उलट बोलले असते, रडले असते, मोकळी झाले असते. ती प्रसादाचा नारळ घेऊन "बरा झाला गेलंस ता" म्हणाली आणि दार लावलं. पंधरा वर्षं मी तिच्या कामाला धावते ती काही मी फार चांगली आहे म्हणून नाही.

तिचा मुलगा श्रेयस. त्याला तिने शिलाई मशीनवर हॉटेल मॅनेजमेंट शिकवलं. पोरगा हुशार, बोलका, दिसायला बापासारखा. गोरेगावच्या एका मोठ्या हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे असं तो आम्हाला सांगायचा आणि आम्ही पेढे वाटले होते. गेल्या मार्चमध्ये अपूर्वा माझ्याकडे जेवायला आली आणि मोबाइल पुढे करून म्हणाली, मावशी, हा तुमच्या खालच्या मजल्यावरचा ना?

बघते तर श्रेयस. कातड्याचा एप्रन, मिशीला पीळ, हातात दारूची बाटली. मागे फळ्यांवर सगळ्या बाटल्या आडव्या निजवलेल्या. बारचं नाव "आडवी". आणि हा कॅमेऱ्याकडे बघून सांगतोय की ही माझ्या आईची गोष्ट आहे. नाहूरच्या शूर बायकांनी एकजुटीने दारूचं दुकान बंद पाडलं, आणि माझे बाबा चंद्रप्रकाश त्या दिवसापासून दारूला शिवले नाहीत. म्हणून आमच्या बारचं खास कॉकटेल त्यांच्या नावाने, "चंद्रप्रकाश". त्यात मोहाची दारू, कोकम आणि मिरचीचं मीठ. वरून धूर.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी अपूर्वाचा मोबाइल भातात टाकणार होते.

जानकीला मीच दाखवलं. लपवून काय करायचं होतं, अख्खी इमारत चार दिवसांत बघणार होती. तिने तो व्हिडिओ तीनदा बघितला. मला वाटलं मुलगा बारमध्ये आहे ह्याचा तिला धक्का बसला असेल. तो बसलाच. पण ती जे बोलली ते वेगळंच होतं. "ह्येना बापाशीक जिवंत केल्यान," म्हणाली.

श्रेयस दुपारी उठला तेव्हा आम्ही दोघी त्याच्या समोर बसलो होतो. तो आधी गडबडला, मग लगेच त्याची ती गुळगुळीत भाषा सुरू झाली. आई, हा तुझा सन्मान आहे. आई, मी स्वतः पीत नाही, चव घेऊन थुंकतो, विचार कोणालाही. आई, मालक दहा जणांच्या आयडिया ऐकत होता, माझी निवडली, म्हणून मी बारचा हेड झालो.

"खोटं का लिहिलंस?" मी विचारलं.

"रत्नामावशी, हरल्याची गोष्ट ऐकून कोण दुसरा ड्रिंक मागवणार आहे? लोकं संध्याकाळ चांगली जावी म्हणून येतात यार."

जानकीने त्याला नोकरी सोड म्हटलं नाही. मला आश्चर्य वाटलं, मी सोडायलाच लावलं असतं. ती म्हणाली, "तुका जा करूचा ता कर. बापाशीचा नाव काढ. आणि आमी जिकलो म्हणून लिवलंस, ता काढ. माका दुसरा काय नको."

त्याने मोबाइलमध्ये तारखा बघितल्या. मग म्हणाला, "आई, एकदा येऊन बघ. येत्या रविवारी मोठा कार्यक्रम आहे, पाहुणे येणारेत. सगळं बघ. त्यानंतरही तुला नको वाटलं तर मी स्वतः काढीन. प्रॉमिस." जानकीने मान हलवली. त्या शब्दासाठी ती गेली. दारूच्या गुत्त्यात पाय ठेवणार नाही म्हणणारी बाई इस्त्रीची साडी नेसून रविवारी संध्याकाळी गाडीत बसली, आणि मी बरोबर.

अंधेरीत एका जुन्या कारखान्याचा गाळा आहे. पूर्वी तिथे छत्र्यांच्या काड्या बनायच्या असं वॉचमन म्हणाला. दारात एक पोरगी सुती साडीचा पदर खोचून उभी, कपाळावर भलंमोठं कुंकू, आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या बोटाला शाई लावतेय. तिने जानकीचा हात धरायला हात पुढे केला.

"मी केलंय मतदान," जानकी म्हणाली आणि हात पदराखाली घेतला. पोरगी हसली. तिला वाटलं आजी विनोदी आहे.

आत घोषणा चालू होत्या. बायकांचा आवाज, खालून तबला, त्याच्याही खाली ते धाडधाड म्युझिक. मेन्यू म्हणजे मतपत्रिका. रबरी शिक्का देतात, ज्या ड्रिंकवर मारायचा त्यावर मारा. एक टेबल सगळं मुलींचं होतं, अपूर्वाच्या वयाच्या, त्या एकमेकींच्या गालावर शिक्के मारत होत्या. मालक हर्षद नावाचा. पस्तिशीचा असेल, अनवाणी फिरत होता, का ते देव जाणे. तो येऊन जानकीच्या पाया पडला आणि "आई" म्हणाला. जानकी एक पाऊल मागे सरली.

आणि मग भिंत. भिंतीवर पितळी पट्ट्यांवर नावं कोरलेली, "त्या दिवशीच्या वाघिणी" म्हणून. पोराने चाळीतली आठवतील ती सगळी नावं दिली होती. कमलचं होतं. वरून चौथं माझं होतं. रत्नप्रभा. ज्या वेळी जानकी मतदान होतं त्या शाळेच्या फाटकाशी उभी राहून रस्त्याकडे बघत होती, बस येतेय का म्हणून, त्या वेळी ही वाघीण कोकणातल्या घाटात खिडकीला डोकं टेकून घोरत होती. जानकीने सगळ्या पट्ट्या वाचल्या, माझ्या नावापाशीही थांबली असेल, पण माझ्याकडे बघितलं नाही. मी तिला म्हटलं, चल घरी जाऊ. ती म्हणाली, "थांब. तेना सांगल्यान हा, सगळा बघ म्हणून."

आठच्या आत कार्यक्रम सुरू झाला. श्रेयसने घंटा वाजवली, म्युझिक बंद झालं. पोराला सांगता येतं, हे कबूल करायला पाहिजे. मराठी, हिंदी, इंग्रजी, तिन्हीतून असा सफाईने फिरत होता. चाळ सांगितली, यादी काखेत मारलेली आई सांगितली, शाईचा पॅडसुद्धा सांगितला. लोकं खुर्च्या वळवून ऐकत होती. शेवटी बायका जिंकतात, दुकानाचं शटर खाली येतं, आणि बाबा घरी येऊन आईला म्हणतात, आजपासून बंद. मग त्याने धुराचा तो ग्लास वर धरला. "चंद्रप्रकाश," तो म्हणाला, आणि सगळ्यांनी आपापले ग्लास वर करून माझ्या शेजारणीच्या मेलेल्या नवऱ्याचं नाव घेतलं.

जानकी उठून उभी राहिली.

"हरलो आम्ही," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण तिथे शांतता होती. "एकेचाळीस मतांनी हरलो. ते दुकान पुढे नऊ वर्षं चाललं. चाळ पाडली तेव्हा बंद झालं. ह्याचा बाप त्याच वर्षी गेला, दिवाळीला आठ दिवस होते. रक्ताच्या उलट्या झाल्या. हा बारा वर्षांचा होता. ह्याने घमेलं धरलं होतं."

श्रेयसच्या हातातला धूर तेवढा वर जात होता. मला वाटलं, झालं, आता ह्यांना लाज वाटेल. मी अशी मूर्ख, साठी ओलांडली तरी मला अजून असं वाटतं.

मग त्या गालावर शिक्के मारणाऱ्या पोरींच्या टेबलावरून टाळी वाजली. लगेच दुसऱ्या टेबलावरून. आणि मग सगळेच वाजवायला लागले, काही जण उभे राहून. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. एकीने डोळे पुसले आणि दुसऱ्या हाताने ती मोबाइलवर घेतच होती. श्रेयसने ग्लास खाली ठेवला आणि तोही वाजवायला लागला. मी त्याला लंगोट बांधलेत, त्याचा चेहरा मला वाचता येतो. त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं.

मी शिव्या घातल्या. काय घातल्या ते लिहीत नाही. टाळ्यांत कोणाला ऐकू गेल्या नाहीत.

हर्षद अनवाणी धावत काउंटरपाशी आला. "आई, हे तर कितीतरी भारी आहे. इतकं रॉ. श्रेयस, आपण गाढव आहोत, हेच पाहिजे होतं आपल्याला. कार्ड बदलून टाकू. हरलेल्या बायका. घमेलं. आई, महिन्यातून एक रविवार याल का? गाडी पाठवू, मानधन देऊ."

जानकीने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती काउंटरच्या ह्या बाजूला, मुलाच्या समोर जाऊन उभी राहिली.

"सगळा बघितलंय," ती म्हणाली. "माका नको. आता काढ."

श्रेयसने एकदा हर्षदकडे बघितलं. मग आईकडे वाकून हळू आवाजात म्हणाला, "आई, आता खरंच तर लिहिणार आहोत. तुला खरंच हवं होतं ना? बघ ना लोकांना किती लागलं ते. आता काढायचं म्हणजे..."

जानकीने मधला ग्लास बाजूला सरकवला. चंद्रप्रकाश घरातल्या वस्तू उचलून विकायचा हे चाळीत सगळ्यांना माहीत होतं, पण तिच्या तोंडून ते कधी कोणी ऐकलं नव्हतं. मी भिंतीला भिंत लावून राहिले, मीसुद्धा नाही.

"तुझ्या बापाशीन माझी भांडी इकल्यान," ती म्हणाली. "मंगळसूत्र इकल्यान. माका कधी इकूक नाय."

हर्षदला मालवणी कळलं नाही. तो "काय म्हणाल्या, काय म्हणाल्या" करत होता, चांगलं काही निसटू नये म्हणून. जानकी वळली आणि चालायला लागली, मी तिच्या मागे. दारातली पोरगी पुन्हा हसली आणि परत या म्हणाली.

बाहेर पडण्याआधी मी वळून बघितलं. मला वाटलं होतं श्रेयस निदान काउंटरमागून बाहेर येईल, दारापर्यंत तरी येईल. त्याच्या पुढ्यात पाच-सहा मतपत्रिका येऊन पडल्या होत्या, सगळ्यांवर बापाच्या नावासमोर शिक्का. त्याने पहिली उचलली आणि बर्फ घ्यायला खाली वाकला.